ई-सिम आठ महिने वापरलं, आणि मी अजून दिवसच मोजतेय

फोन पडला म्हणून हे लिहायला बसलेय. दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

आठ महिन्यांत, परवाची सोडून, चार ट्रिप झाल्या, चारही वेळा डेटासाठी प्रवासाचं ई-सिम (कार्ड नाही, फोनमधल्याच चिपवर डाउनलोड होणारं सिम) घेतलं. त्याआधी मी पक्की प्लास्टिक सिमवाली. विमानतळावर उतरायचं, रांगेत पासपोर्ट दाखवायचा, मग ट्रे उघडायची पिन सापडत नाही म्हणून कानातल्याची तार खुपसायची आणि घरचं सिम चिकटपट्टीने पासपोर्टला चिकटवायचं. नॅनो सिम म्हणजे जेमतेम १२.३ बाय ८.८ मिलिमीटर, शिंक आली तरी हरवेल. त्यामानाने घरी बसून क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं, हे सुख खरंच आहे. घरचं सिम जागचं हलत नाही, ओटीपी येत राहतात, व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू.

पहिल्या ट्रिपला नेट येईना म्हणून तासभर डोकं फोडलं. नंतर कळलं की ई-सिमच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू करावं लागतं, कारण यातली बरीचशी ई-सिम मुळात भलत्याच देशातल्या कंपनीची असतात आणि आपण जातो तिथे ती स्वतःच रोमिंगवर असतात. म्हणूनच वेबसाइट कधी तिसऱ्याच भाषेत उघडतात. बरं, माझी चारही फक्त डेटावाली होती, म्हणजे तिथला नंबर नाही. टॅक्सीवाला नेटवर फोन उचलत नसेल तर बसा गेटवर.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. व्हॅलिडिटी मोजायला सुरुवात कधी होते? काहींची ई-सिम फोनमध्ये टाकल्याक्षणी, काहींची तिथलं नेटवर्क पकडल्यावर. हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी शहाण्यासारखं आदल्या दिवशी घरच्या वायफायवर टाकून ठेवलं आणि सात दिवसांचा प्लॅन मी विमानात बसायच्या आधीच सहा दिवसांचा झाला. सपोर्टला चॅटवर विचारलं तर म्हणे फोन रिस्टार्ट करून बघा. अहो, रिस्टार्ट करून माझा गेलेला दिवस परत येणारे का? डेटा निम्माही संपला नव्हता, त्याचं मला काही वाटत नाही, पण तो दिवस! नवरा म्हणतो एका दिवसाचे पैसे ते किती. प्रश्न पैशांचा नाही. (आहे, थोडासा आहे.)

दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला नेटवर्क पकडल्यावर सुरू होणारं शोधून घेतलं, एकही दिवस गेला नाही, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की प्लास्टिक सिम आता म्यूझियममध्ये ठेवा.

मग चौथी ट्रिप. तिसऱ्या दिवशी फोन पायऱ्यांवरून गेला, स्क्रीन काळीठिक्कर. सोबत जुना फोन होता, त्यातही ई-सिम चालतं, म्हटलं तोच क्यूआर परत स्कॅन करू. नाही झालं. तो कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, कारण प्रोफाइल, म्हणजे डाउनलोड केलेलं सिम, त्या एका फोनच्या चिपशी बांधलं जातं, त्या चिपचा ईआयडी म्हणून ३२ अंकी नंबर असतो. चॅटवरचं उत्तर: आधी जुन्या फोनमधून प्रोफाइल डिलीट करा. कुठून करू? स्क्रीनच नाहीये! तीन वेळा फोटो पाठवला, तीनदा तेच वाक्य. चार दिवस शिल्लक होते, चारही बुडाले. आधीचा एक धरून पाच.

आणि त्याच वेळी घरचं प्लास्टिक सिम मी कानातल्याच्या तारेने बाहेर काढलं, जुन्या फोनमध्ये घातलं, दोन मिनिटांत बँकेचा ओटीपी आला. ज्याला म्यूझियममध्ये पाठवत होते त्यानेच हॉटेलचं बिल भरून दिलं. त्यामुळे घरचा नंबर ई-सिमवर न्यायचा विचार मी सोडला. डेटा जायचा तर जाऊ दे, बँकेचा नंबर मेलेल्या फोनात अडकला तर परदेशात करणार काय? अमेरिकेत २०२२ च्या आयफोन १४ पासून तर ट्रेच नाही, ते लोक काय करतात देव जाणे.

तरी परवाच्या पाचव्या ट्रिपला डेटासाठी ई-सिमच घेतलं. हो, घेतलं. परत त्या रांगेत कोण उभं राहणार? फक्त जायच्या आधी *#०६# दाबून ईआयडीचा फोटो काढून ठेवला, सपोर्टवाले तो मागतात.

या प्लॅनमध्ये मात्र दिवस २४ तासांचा नव्हता, तारखेप्रमाणे बदलणारा होता. आम्ही उतरलो रात्री ११:४० ला. वीस मिनिटांसाठी एक अख्खा दिवस देऊ? मी विमानतळाच्या फुकट वायफायवर बाकावर बसून राहिले, नवरा टॅक्सीच्या रांगेतून हातवारे करतोय, बारा वाजून एक मिनिटाने लाइन चालू केली. हॉटेलवर जाऊन अटी वाचल्या तर त्यांचे बारा यूटीसीप्रमाणे, म्हणजे तिथल्या घड्याळाने नाही तर जागतिक प्रमाणवेळेने, वाजतात. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.