प्रोस्टेट बायोप्सी: सुईपेक्षा नंतरचे दिवस जड गेले

रक्तातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन) वाढला म्हणून केलेल्या बायोप्सीला, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासण्याला, आता काही महिने झाले. कॅन्सर निघाला नाही. तरी लिहितोय, कारण इथे बडोद्यात, दांडिया बाजारात किंवा कमाटीबागेत फिरताना, आमच्या वयाचं कोणी भेटलं की 'दुखतं का हो?' एवढंच विचारतं. तापाबद्दल कोणीच विचारत नाही.

दुखण्याचं म्हणाल, तर सोसण्यासारखं. माझी बायोप्सी गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून केली. बधिर करण्याचं इंजेक्शन झोंबतं. मग सुई सुटताना स्टेपलरसारखा खटका होतो आणि प्रत्येक खटक्याला अंग आपोआप आवळून येतं. साधारण १० ते १२ तुकडे काढतात. शेवटच्या दोन-तीन तुकड्यांना ओटीपोटात कळ गेली. प्रोबचं अवघडलेपण मात्र सुईहून जास्त.

लघवी काही दिवस लालसर होते, शौचाला थोडं रक्त दिसतं. वीर्यही तपकिरी येतं, आणि ते कित्येक आठवडे टिकू शकतं. याबद्दल डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ नव्हती. आम्ही दोघं फार घाबरलो होतो. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. रक्ताच्या गाठी पडून लघवी अडली, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

आता खरं सांगायचं ते. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत एका रात्री अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. हिने थर्मामीटर लावला, तर १०२. मी म्हटलं, क्रोसिन घेतो, सकाळी बघू. ही म्हणाली, "अहो, सकाळ-बिकाळ काही नाही, उठा. मी रिक्षा बघते." त्या रात्री गेलो म्हणून निभावलं. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. लघवीही तुंबली होती, त्यामुळे काही दिवस नळी घेऊन वावरावं लागलं.

कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. बायोप्सीआधी दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकला तो दाद देत नव्हता. आतड्यातला हा जंतू सुईबरोबर प्रोस्टेटमध्ये आणि तिथून रक्तात जाऊ शकतो. आपल्याकडे सिप्रोला न जुमानणारे ई. कोलाय भरपूर आहेत, त्यामुळे 'गोळी घेतलीय ना' यावर निर्धास्त राहू नका. १००.४ च्या वर ताप किंवा थंडी वाजणं म्हणजे त्याच घटकेला हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.

ज्यांची व्हायची आहे, त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालून करता येईल का? त्याला ट्रान्सपेरिनियल म्हणतात. त्यात जंतुसंसर्ग बराच कमी होतो, युरोपियन युरॉलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच पद्धतीला प्राधान्य देतात. गुदद्वारातूनच करायची असेल, तर आधी रेक्टल स्वॅबचं (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्याचं) कल्चर करून त्याप्रमाणे औषध देतील का, आणि पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने तो भाग धुतील का, हेही विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, नुकतंच घेतलेलं अँटिबायोटिक, सगळं सांगा. एमआरआय करायचा असेल तर बायोप्सीच्या आधी, कारण नंतर आतल्या रक्तामुळे चित्र धड कळत नाही.

बायोप्सीनंतर पीएसए काही आठवडे चढलेलाच राहतो, म्हणून माझी पुढची तपासणी मुद्दाम उशिरा ठेवलीय. पुन्हा बायोप्सी सांगितली तर करीन, पण त्वचेतूनच. बडोद्यात जमलं नाही तर अहमदाबादला जाईन.