कानाकचे संग्रहालय : तळाबाहेर राहिलेले थुले

वायव्य ग्रीनलँडमधील पिटुफिक हा अमेरिकी लष्करी तळ परवानगीविना पाहता येत नाही; पण त्याच्यासाठी कोणाचे गाव उठवले गेले हे समजून घ्यायचे असेल, तर उत्तरेकडच्या कानाक गावातले छोटेसे संग्रहालय आवर्जून पाहावे. हे संग्रहालय म्हणजे १९१० मध्ये थुले नावाचे व्यापारठाणे उभारणारे ध्रुवीय संशोधक क्नूद रासमुसेन यांचे लाकडी घर; ते तळाजवळच्या जुन्या वस्तीतून इथे आणले आहे, आणि त्याच परिसरातून १९५३ मध्ये इनुघुइट, म्हणजे तिथल्या मूळ इनुइट रहिवाशांच्या, कुटुंबांना शंभर किलोमीटरांहून अधिक उत्तरेला, कानाकला हलवण्यात आले होते. शिकारीच्या हत्यारांपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. हाडाच्या एका मुठीवर वापराने आलेली झळाळी पाहून गलबलून आले. ती मूठ धरणाऱ्यालाही कदाचित आपले घर मागे सोडावे लागले असेल. उघडण्याची वेळ मात्र गावात आधी विचारून घ्यावी.