नऊ महिने कम्युनिटी कॉलेजात: फी स्वस्त, बाकीचं सांगते

ऑगस्टमध्ये सॅन होजेजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घातलं, तेव्हा पुण्याहून सासूबाईंचा पहिला प्रश्न, "एम.कॉम. झालेली तू, परत ज्युनिअर कॉलेजात?" दोन सेमिस्टर काढल्यावर आता नीट उत्तर देता येईल.

आधी पैशांचं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात आणि २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. अकाउंटिंगची चार आणि इंग्रजीची तीन युनिट्स मिळून ३२२ डॉलर झाले. रहिवासी ठरायला आधीच्या वर्षभराचे कागद लागतात. माझा एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराचा, व्हिसा चालला. नाहीतर फी कित्येक पट. अकाउंटिंगचं पुस्तक आणि त्याचा ऑनलाइन कोड मात्र दीडशेच्या घरात गेला. इंग्रजीला पुस्तकाचा खर्च शून्य, सगळं फुकट पीडीएफमध्ये. क्लास निवडताना हे आधी बघा, मी नाही बघितलं.

१९८४ पर्यंत इथे फीच नव्हती म्हणे. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन केलेल्या कायद्याने, घरपट्टीला वेसण घातली, कॉलेजांचा स्थानिक पैसा आटला, आणि मग फी आली. आजही खरा खर्च सरकारच उचलतं. २०१८ पासूनच्या सूत्रात साधारण ७० टक्के पैसा पटावर, २० टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि १० टक्के निकालावर मिळतो.

हे सूत्र मला वर्गात बसून कळलं. सेमिस्टरचा पाचवा हिस्सा सरला की 'सेन्सस डे', म्हणजे पट मोजायचा दिवस, येतो. त्याच्या आधी सरांनी एकेक नाव वाचून न येणाऱ्यांना काढून टाकलं. उरलो अडतीस. नोव्हेंबरात मोजलं तर एकवीस. पण पटाचे पैसे त्या अडतीसवरच ठरलेले. आपल्याकडची पटपडताळणी आठवली! ऑनलाइन क्लासांत तर आर्थिक मदत लाटायला खोट्या नावांचा सुळसुळाट आहे, म्हणून या सेमिस्टरला पहिल्याच आठवड्यात 'मी खरीच आहे' असा व्हिडिओ पाठवावा लागला. पदर सावरून पाठवला.

शिकवणं? इथे मी पूर्ण मार्क देईन, पण कॉलेजला नाही, शिकवणाऱ्यांना. इंग्रजीच्या बाई पार्ट-टाइम, तीन कॉलेजांत शिकवतात. अशांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. गाडीची डिकी म्हणजे त्यांचं ऑफिस. तीन रंगांच्या क्रेट, तीन कॉलेजांच्या. माझ्या निबंधावरची चर्चा आम्ही कँटीनबाहेरच्या बाकावर केली, कारण त्यांना खोली नव्हती. तरी प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात, "हे तुम्हाला कुठे दिसलं?" एम.कॉम.च्या दोन वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

आणि ते डायव्हर्सिटी प्रकरण. भिंतीभिंतीवर पोस्टर आहेत, ती सोडा. माझ्या डावीकडे व्हिएतनामी आजी, उजवीकडे रात्रभर गोदामात खोकी उचलून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. अठरा पूर्ण असलेल्या कुणालाही प्रवेश मिळतो, म्हणून आपल्यासारखा राखीव जागांचा वाद दारात होतच नाही. शिवाय १९९६ च्या प्रपोझिशन २०९ मुळे सरकारी कॉलेजाला वंश बघून प्राधान्य देता येत नाही. १९६९ पासूनची ईओपीएस ही विद्यार्थ्यांना मदत देणारी योजना कमी उत्पन्न आणि शिक्षणातली मागास परिस्थिती बघते. खरा प्रश्न आत आल्यावरचा, कोण टिकतं हा. २०१७ च्या कायद्याने कच्च्या मुलांना वर्षभर पायाभूत वर्गांत अडकवणं जवळपास थांबवलं. आता ती थेट मुख्य इंग्रजीत बसतात, जोडीला जादा तास. त्या मुलाला त्या तासांनी सावरलं. पण नोव्हेंबरात त्याची शिफ्ट बदलली आणि तो दिसेनासा झाला. त्याचा निबंध अर्धाच राहिला, आईच्या टॅकोच्या गाडीवरचा.

तक्रार एकच, पण मोठी. जानेवारीत संध्याकाळचा अकाउंटिंग-दोन पट भरला नाही म्हणून सुरू व्हायच्या चार दिवस आधी रद्द केला. एका ओळीचा ईमेल. दुपारी लेक घरी, मग मी जाणार कधी? ऑनलाइन घ्यावा लागला, आणि बॅलन्स शीट पडद्यावर शिकण्यात मजा नाही.

आता ऑगस्टच्या कॉस्ट अकाउंटिंगला नाव घातलंय. अकरा झालोत, वीस लागतात. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टाकते आहे. दोघी 'बघू गं' म्हणाल्यात.