ओसाकातील स्वस्त हॉस्टेलमध्ये ८६ रात्री : वापरानंतरचा अनुभव

ओसाकाच्या शिन-इमामिया स्थानकापासून पायी चार मिनिटांवर असलेल्या एका हॉस्टेलमध्ये मी ३ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर २०२५ या काळात सलग ८६ रात्री राहिले. पुण्यात जपानी भाषा शिकवत असताना एका अल्पमुदतीच्या वर्गासाठी मी तेथे गेले होते. व्हिसा नव्वद दिवसांचा होता आणि राहण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा होता. हे हॉस्टेल मी इतरांचे अभिप्राय वाचूनच निवडले. ते अभिप्राय खोटे नव्हते, मात्र ते सगळे दोन-तीन रात्री राहिलेल्या प्रवाशांचे होते आणि तिसऱ्या आठवड्यानंतर जे जाणवू लागते ते त्यांत येणे शक्यच नव्हते. पुढे काही तक्रारीही आहेत, म्हणून हॉस्टेलचे नाव लिहीत नाही. त्या भागातल्या बहुतेक हॉस्टेलांना हे वर्णन थोड्याफार फरकाने लागू पडेल.

हा भाग स्वस्त का आहे, हे आधी समजून घेतलेले बरे. निशिनारी प्रभागातील कामागासाकी (सरकारी कागदांत १९६६ पासून ‘आइरिन’) ही रोजंदारीवरच्या मजुरांची जुनी वस्ती आहे. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाची बांधकामे निघाली तेव्हा देशभरातून माणसे येथे आली आणि त्यांच्यासाठी तीन-तीन तातामी चटयांच्या, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटरच्या, खोल्यांची ‘दोया’ उभी राहिली. ‘यादो’ म्हणजे उतारू घर. हा शब्द उलटा करून ‘दोया’ झाला, जणू ते धड घरही नव्हे असे सांगण्यासाठी. नव्वदच्या दशकात बांधकामे आटली, मजूर म्हातारे झाले, आणि काही दोया सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या वृद्धांच्या निवासात, तर काही परदेशी पाठपिशवीवाल्यांच्या हॉस्टेलांत बदलल्या. माझे हॉस्टेल अशाच एका इमारतीत होते. जिना अरुंद होता, छत खाली होते आणि मधल्या भिंती पाडून केलेल्या दालनात बारा खाटा होत्या. स्थानकाच्या उत्तरेला २०२२ मध्ये होशिनो रिसॉर्ट्सचे मोठे हॉटेल उघडले आहे, आणि रुळांच्या दक्षिणेला आजही पेयांची पन्नास येनची यंत्रे उभी आहेत. या दोहोंच्या मध्ये रेल्वेचे रूळ तेवढे आहेत.

जागेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे येण्याजाण्याची सोय, आणि त्याबाबत मला एकदाही तक्रार करावी लागली नाही. कान्साई विमानतळावरून नानकाई रेल्वेची साधी जलद गाडी ९७० येनमध्ये थेट शिन-इमामियाला आणून सोडते, जेआरची (जपान रेल्वेची) वर्तुळाकार लाइन त्याच स्थानकातून जाते, आणि दोबुत्सुएन-माए हे भुयारी रेल्वेचे स्थानक इतके जवळ आहे की मिदोसुजी लाइनने शहराचा मध्यवर्ती उमेदा भाग गाठण्यासाठी नकाशा काढायची गरज कधी पडली नाही.

आता खाटेविषयी. एकावर एक अशा लाकडी पेट्या, प्रत्येकीला जाड पडदा, आत एक दिवा, दोन सॉकेट आणि एक खुंटी, अशी रचना आहे. सॉकेट दोन चपट्या पिनांचे आणि वीज शंभर व्होल्टची असते, त्यामुळे मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर फक्त जोडणी लावून चालतात, पण पुण्याहून नेलेली पाणी गरम करायची कांडी तेथे केवळ शोभेची ठरते. गादी पातळ असली तरी स्वच्छ होती आणि चादर दर तीन दिवसांनी न मागता बदलली जात होती. आवाजाची भीती मला जितकी होती तितका तो निघाला नाही. जपानी पाहुणे पडद्याआड खोकतानासुद्धा संकोच करतात. झोप मोडते ती पहाटे पाचला विमान पकडणाऱ्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी. एक पिशवी उघडायला माणसाला इतका वेळ का लागावा, याचे उत्तर मला ८६ रात्रींत मिळाले नाही. कानात घालायचे बोळे न्यावेतच, आणि रुळांकडची बाजू टाळावी.

भाड्याचा हिशेब सरळ नाही. आडवारी मला एका रात्रीचे २,४०० येन पडत होते, शनिवारी ते तीन हजारांच्या वर जात आणि १३ ऑक्टोबरला संपलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या अखेरच्या आठवड्यांत एका शनिवारी त्याच खाटेचे ४,१०० येन मोजावे लागले. एकंदर खर्च सव्वादोन लाख येनच्या थोडा वर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे एक लाख पस्तीस हजार रुपये झाला. ओसाकाचा मुक्काम कर १ सप्टेंबरपासून ५,००० येन व त्यापुढच्या रात्रींना लागू झाला असल्याने माझ्यासारखीला तो भरावा लागला नाही. क्योतोत मात्र स्वस्त हॉस्टेललाही रात्रीमागे २०० येन मोजावे लागतात.

खरा मनस्ताप झाला तो नोंदणीच्या पद्धतीचा. तीन महिन्यांचे आरक्षण एकगठ्ठा स्वीकारले जात नव्हते, म्हणून मी ते तुकड्या-तुकड्यांनी केले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मला खाट बदलावी लागली. खाट बदलणे म्हणजे सकाळी दहाला सामान आवरून खाली आणायचे, तीनपर्यंत थांबायचे आणि त्याच दालनातल्या, कधीकधी शेजारच्याच, खाटेवर ते पुन्हा लावायचे. पासपोर्टची झेरॉक्सही दरवेळी नव्याने काढली जाई. जपानमध्ये राहण्याचा पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पाहून त्याची प्रत ठेवणे हा तेथील नियमच आहे, त्यामुळे त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही; पण एकाच पासपोर्टच्या सहा प्रती कुणाच्या कामी येणार होत्या, हे कळले नाही.

स्वयंपाकघर हे या हॉस्टेलचे बलस्थान, आणि तेथेच माझी सर्वांत मोठी फजिती झाली. शेगड्या दोन आणि त्याही इंडक्शनच्या. मी पुण्याहून हौसेने आणलेला दोन लिटरचा कुकर ॲल्युमिनियमचा होता, आणि त्या शेगडीने त्याची दखलच घेतली नाही. दुसरी अडचण फोडणीची. पहिल्या आठवड्यात मी मोहरी-हिंगाची फोडणी दिली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, मात्र दुसऱ्या दिवशी ‘तीव्र वासाचे पदार्थ शिजवताना पंखा चालू ठेवावा’ अशी सुबक अक्षरातली चिठ्ठी शेगडीच्या वर लागली. रोष न दाखवता रोष पोहोचवण्याची ही कला मी वर्गात शिकवत आले होते. आता ती माझ्यावरच वापरली गेली होती. मी फोडणी बंद केली. तेथील आखूड, चिकट तांदळाचा भात मऊ शिजवला की मेतकूट-तुपाबरोबर तो आंबेमोहोराची आठवण करून देतो, आणि भात शिजवायला विजेचे भांडे होतेच. तांदळाचे भाव मात्र त्या वर्षी चढलेले होते. पाच किलोच्या पिशवीला चार हजार येनच्या वर पडत, म्हणून मी दोन किलोची घेत असे. भाजीपाला सुपर तामादे या पिवळ्या झगमगाटाच्या दुकानातून आणि रात्री आठनंतर ‘हानगाकु’, म्हणजे अर्ध्या किमतीची, चिठ्ठी लागलेल्या मालातून येई. तूरडाळीसाठी दोनदा कोबेला गेले. तेथे भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे आणि १९८५ चे जैन मंदिर आहे. डाळीच्या निमित्ताने तेही पाहून झाले.

शाकाहारी माणसाने बाहेरच्या खाण्यावर विसंबून येथे तीन महिने काढू नयेत. उदोनच्या साध्या रश्श्यातही सुक्या बोनितो माशाचा ‘दाशी’ असतो, आणि ‘मांस नाही ना?’ असे विचारल्यावर मिळणारे ‘नाही’ प्रामाणिक असले तरी मासा त्यात धरलेला नसतो. म्हणून हॉस्टेल निवडताना स्वयंपाकघराचा फोटो खाटेच्या फोटोपेक्षा अधिक बारकाईने पाहावा, हे मी आग्रहाने सांगेन.

न्हाणीघरे वीस बायकांमागे तीन होती आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात ती रिकामी मिळत नसत. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून मी जवळच्या सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, जाऊ लागले. कपड्यांविना अनोळखी बायकांत वावरण्याचा संकोच मला पहिले चार दिवस होता. पाचव्या दिवशी असे लक्षात आले की माझ्याकडे पाहायला कुणाला सवडच नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच सामाईक कुंडात उतरायचे आणि टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, एवढे पाळले की झाले. तेथे रोज येणाऱ्या आजीबाईंची ओसाकाई बोली माझ्या पुस्तकी जपानीला पुरून उरली. ‘इकुरा देसुका’ (केवढ्याला?) ऐवजी ‘नान्बो’, ‘दामे’ (चालणार नाही) ऐवजी ‘आकान’, आणि आभारासाठी ‘ओओकिनी’. वर्गात मी जे शिकत होते त्याहून अधिक येथे शिकले, असे म्हटले तर माझ्या तेथील शिक्षकांना वाईट वाटेल, पण ते खरे आहे. हॉस्टेलला नीट न्हाणीघर असते तर मी या वाटेला गेलेच नसते, त्यामुळे या त्रुटीचे गुण कापावेत की द्यावेत, हे मला ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या महिन्यात ढेकूण निघाले. मनगटावर ओळीने उठलेले चट्टे पाहून मला मुंबईतले लहानपण आठवले, आणि गादीच्या शिवणीत पाहिले तर शंका खरी ठरली. कर्मचाऱ्यांनी तासाभरात खाट बंद केली, मला दुसरी दिली आणि सगळे कपडे मोठ्या ड्रायरमध्ये गरम हवेवर फिरवून दिले. ढेकूण पन्नास अंशांच्या वर टिकत नाहीत. यात दोष काढण्यासारखे काही नाही. दोष आहे तो हा, की दालनातल्या इतर अकरा जणींना काहीही सांगितले गेले नाही. मीच त्यांना सांगितले, आणि त्यानंतर काउंटरवरचे हसू दोन दिवस जरा ताठ होते. प्रवाशांची इतकी वर्दळ असलेल्या कुठल्याही शहरात हे घडू शकते. सामान खाटेवर ठेवू नये आणि पहिल्याच रात्री टॉर्च लावून शिवणी पाहाव्यात.

एकट्या बाईने तेथे राहावे का, हा प्रश्न मला परतल्यावर सर्वाधिक विचारला गेला. कामागासाकीत १९६१ पासून दंगली झाल्या आहेत, शेवटची २००८ मध्ये, आणि जपानी माणसे आजही या भागाचे नाव काढले की आवाज खाली आणतात. माझा अनुभव असा की दुपारी दारू पिऊन फुटपाथवर झोपलेले वृद्ध दिसतात, कुणी कुणी स्वतःशी मोठ्याने बोलतात, पण माझी वाट कुणी अडवली नाही. रात्री अकराला सेन्तोतून परतताना मला पुण्यातल्या काही रस्त्यांपेक्षा कमी भीती वाटली. दोन पथ्ये मात्र पाळावीत. या वस्तीत आणि शेजारच्या तोबिता शिन्ची या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांत कॅमेरा बाहेर काढू नये. पहिल्या ठिकाणी तो तेथील माणसांचा अपमान असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तर फोटोला सक्त मनाई आहे.

तिसऱ्या महिन्यात मला जे खुपू लागले ते वेगळेच होते. आवाज, गर्दी, ढेकूण यांची सवय झाली, पण वस्तू ठेवायला जागा नसण्याची झाली नाही. कुलपाचा खण एवढासा की त्यात हातातली बॅग मावे आणि मोठी बॅग काउंटरमागे साखळीने बांधलेली राही. नोव्हेंबरात थंडी पडल्यावर स्वेटर काढायचा तर कुणाला तरी हाक मारावी लागे. वह्या उशीखाली, पुस्तके पायाशी, तांदळाची पिशवी नाव लिहून स्वयंपाकघराच्या फळीवर. आपले सामान पाच ठिकाणी विखुरलेले असले की माणूस रोज थोडा थोडा थकत जातो. मासिक भाड्याच्या खोलीची चौकशी मी केली होती, पण मला सांगितलेला भाव हॉस्टेलच्या दीडपट होता आणि साफसफाईचे पैसे वेगळे होते.

पुन्हा जायचे झाल्यास पहिले सहा आठवडे मी याच हॉस्टेलमध्ये राहीन आणि उरलेल्या दिवसांसाठी तो दीडपट भाव मुकाट्याने देईन. जाण्यापूर्वी तळाची खाट, रुळांपासून दूरची बाजू आणि सहा आठवडे एकच जागा, या तीन गोष्टी लेखी मागून घेईन. कुकर स्टीलचा नेईन.