घड्याळ लावून बोलायचं, की कानोसा घेऊन?

५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात सेल्युलर कॅरिअर, म्हणजे मोबाइल नेटवर्कचा सिग्नल, चालवायचा आणि शेजारी वाय-फाय आधीच नांदतंय, तर निवड दोन पद्धतींपाशी येऊन अडते. एलटीई-यू (परवानामुक्त पट्ट्यातली ४जी) घड्याळावर चालते: सीसॅट या तिच्या वेळ-वाटणीच्या पद्धतीने ठरवलेला काळ चालू, ठरवलेला काळ बंद. एलएए (४जीचीच दुसरी पद्धत) आणि तिच्या मागून आलेली एनआर-यू (५जीची) दर खेपेला चॅनेलचा कानोसा घेतात, मगच बोलतात. युरोपात आणि जपानमध्ये बोलण्याआधी ऐकणं नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे प्रश्न मिटतो. बाकी ठिकाणी डोकं लावावं लागतं.

आधी एलटीई-यूची बाजू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. ती जुन्याच कॅरिअर ॲग्रिगेशनवर, म्हणजे अनेक कॅरिअर एकत्र जोडण्याच्या तंत्रावर, उभी आहे, त्यामुळे बेस स्टेशनच्या मूळ रचनेला फारसा हात लावावा लागत नाही. सबफ्रेम (एक मिलिसेकंदाचे ठरीव तुकडे) जागच्या जागी राहतात आणि शेड्युलरला, म्हणजे कुणी कधी पाठवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेला, पुढचं दिसतं. वाटणीचा ढोबळ हिशेबही सरळ आहे: एक शेजारी ऐकू आला तर निम्मा वेळ, दोन आले तर तिसरा हिस्सा. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही.

मला खटकतो तो चालू होण्याचा क्षण. घड्याळाची वेळ झाली की बेस स्टेशन बोलू लागतं, मग चॅनेलवर कुणाची फ्रेम (एका दमात पाठवलेला डेटाचा गठ्ठा) अर्ध्यावर असो वा नसो. ती फ्रेम मरते. एका फ्रेमचं कुणाला काही वाटत नाही, पण वाय-फायचा वेग ठरवणाऱ्या अल्गोरिदमला सहसा टक्कर आणि कमजोर सिग्नल यांतला फरक कळत नाही. पोच आली नाही की तो वेग उतरवतो. वेग उतरला की तेवढाच डेटा हवेत जास्त वेळ रेंगाळतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा घड्याळाच्या तोंडी सापडतो.

यावर उतारा म्हणून २० मिलिसेकंद सलग बोलल्यावर १-२ मिलिसेकंदांची फट ठेवतात. १५०० बाइटची फ्रेम ५४ मेगाबिटला साधारण पाव मिलिसेकंद घेते, म्हणजे फटीत आरामात बसते. तीच ६ मेगाबिटवर आली की नुसत्या डेटालाच २ मिलिसेकंद लागतात, वर प्रीअँबल (फ्रेमच्या सुरुवातीची ओळखखूण). बसतच नाही! आवाजाची छोटी पॅकेटं निघून जातात, पण ज्याचा वेग आधीच पडला आहे त्याच्या मोठ्या फ्रेमला ही फट असून नसल्यासारखी.

चक्राचा काळ बदलून बघावा, तर तिथेही इकडे आड तिकडे विहीर. १६० मिलिसेकंदांचं चक्र ठेवलं तर बंद काळाची वाट बघताना कॉल अडखळतात. ४० वर आणलं तर वाट कमी होते, पण चालू होण्याच्या कडा सेकंदाला सहावरून पंचवीसवर जातात, आणि फ्रेमा मरतात त्या कडेवरच. हे दुखणं सरासरी थ्रूपुटमध्ये (प्रत्यक्ष पोचलेल्या डेटाच्या वेगात) लपतं. वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटवर पुन्हा पाठवलेल्या फ्रेमांची वेळ १०-१० मिलिसेकंदांच्या गटांत मांडून बघा. चक्राच्या अंतराने ढीग दिसले, तर रोग हाच.

कानोसा घेणारी पद्धत निर्दोष आहे असं म्हणवत नाही. तिसऱ्या प्राधान्य वर्गात (साध्या डेटाच्या रांगेत) १६ अधिक ३ गुणिले ९, म्हणजे ४३ मायक्रोसेकंद शांतता, मग यादृच्छिक उलटमोजणी. हा वाय-फायच्या साध्या डेटाचाच रिवाज आहे. पण एलएएला चॅनेल मिळालं तरी सबफ्रेमची कड येईपर्यंत, किंवा सातव्या सिम्बॉलपासून (सबफ्रेमच्या साधारण मध्यापासून) सुरुवात जमत असेल तर तिथपर्यंत, थांबावं लागतं. मधला वेळ जागा धरून ठेवणाऱ्या निरर्थक सिग्नलने भरायचा. एनआर-यूत मिनी-स्लॉटमुळे, म्हणजे वेळेच्या आणखी छोट्या तुकड्यांमुळे, हा अपव्यय बराच आटोक्यात आला आहे.

किती मोठा सिग्नल ऐकू आला की थांबायचं, या उंबरठ्यांचा घोळ मात्र दोन्हीकडे राहतो. वाय-फाय एकमेकांना उणे ८२ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका सिग्नल क्षीण) ओळखतं, परक्या सिग्नलला उणे ६२ पर्यंत जुमानत नाही; एलएए २० मेगाहर्ट्झला सहसा उणे ७२ वर थांबते. मधल्या पट्टीतले शेजारी एकमेकांवर बोलतातच. अपलिंकला, म्हणजे हँडसेटकडून बेस स्टेशनकडे पाठवताना, तर दुहेरी अडसर: बेस स्टेशनला चॅनेल मिळालं तरी हँडसेटला तिथे गजबज ऐकू आली, तर दिलेला ग्रँट (पाठवण्याची परवानगी) वाया.

तरीही माझा कल कानोशाकडेच आहे. इथे टकरा होतात त्या विखुरलेल्या, कुणाच्याही नशिबी येणाऱ्या, आणि फ्रेम नीट न पोचल्याचे नकार वाढले की बॅकऑफची खिडकीही, म्हणजे उलटमोजणीची कमाल लांबी, रुंदावते. वाय-फायच्या अल्गोरिदमला असल्या टकरांची सवय आहे. फक्त सलग ८ मिलिसेकंदांची मुभा आहे म्हणून ती पूर्ण वापरू नका. वाय-फायची सर्वांत लांब फ्रेमही साधारण साडेपाचच्या पुढे जात नाही. ४ वर आणलं की शेजारचे कॉल बऱ्यापैकी सावरतात.

आवार पूर्ण तुमच्या ताब्यात असेल आणि तिथे वाय-फाय नसल्याची खात्री असेल, तर गोष्ट वेगळी. तिथेही मी एलटीई-यूकडे वळणार नाही. एनआर-यूचा अर्ध-स्थिर प्रवेश (ठरावीक काळाचं चक्र, पण आधी ऐकून) पुरतो. १० मिलिसेकंदांचा काळ, त्यातला शेवटचा किमान अर्धा मिलिसेकंद गप्प, आणि प्रत्येक काळाच्या सुरुवातीला एकदा ऐकणं.