लूप पेडलमधून येतच नव्हता

मागच्या महिन्यात माझे ११,००० रुपये गेले. जुनं लूपर पेडल (पायाने दाबलं की वाजवलेला तुकडा साठवून तो लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा, वाजवणारं यंत्र) ६,५०० ला आणि सोबत गिटार अॅम्पचा आवाज कॉम्प्युटरमध्येच काढणारं सॉफ्टवेअर ४,५०० ला, असा सौदा होता. घरी बसून वाजवणारे बरेच जण असंच वापरलेलं सामान शोधत असतात, म्हणून जे झालं ते सगळं सांगते.

आमच्या सोसायटीत अॅम्प लावायची सोय नाही. बँकेतून आल्यावर स्वयंपाकपाणी उरकून रात्री दहाला गिटार हातात येते, तीही हेडफोनवर. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, आणि लॅपटॉप होताच. लूपर हवा होता, कारण एकटीने वाजवताना मागे कॉर्ड धरायला कोणी नसतं.

जाहिरात बघून त्या माणसाच्या घरी गेले. फार अदबीनं बोलला. "ताई, आधी ऐका, पटलं तरच घ्या." गिटार पेडलमध्ये, पेडल इंटरफेसमध्ये, तिथून लॅपटॉप आणि आवाज स्पीकरवर, अशी जोडणी होती. त्याने चार कॉर्ड वाजवले, पायाने पेडल दाबलं, लाल दिवा हिरवा झाला आणि कॉर्ड फिरायला लागले. मग सॉफ्टवेअरमध्ये क्लीन अॅम्प काढून डिस्टॉर्शनवाला लावला. त्याचा सोलो फाटक्या, जाड आवाजात आणि मागचे कॉर्ड मात्र पहिल्यासारखेच स्वच्छ! मला ते इतकं आवडलं की मी घासाघीसही केली नाही.

आणि खोटेपणा नेमका तिथेच होता. पेडल इंटरफेसच्या आधी असेल, तर त्यात गिटारचा कोरा आवाज साठतो. अॅम्प त्याला नंतर, कॉम्प्युटरमध्ये लागतो. म्हणजे अॅम्प बदलला की फिरणारे कॉर्डही बदलायलाच हवेत. डिस्टॉर्शन लावलं तर लूप आणि सोलो दोन्ही एकत्र फाटून नुसता गोंगाट होतो. म्हणूनच काही जण लूपर इंटरफेसच्या आउटपुटनंतर, स्पीकरच्या आधी लावतात. इथे तसं नव्हतं, तरी कॉर्ड स्वच्छ राहिले, कारण ते पेडलमधून येतच नव्हते. लूप लॅपटॉपमध्ये वाजत होता. त्या माणसाचा दुसरा पाय टेबलाखाली होता. तिथे काय होतं, ते मी वाकून पाहिलं नाही.

घरी आणल्यावर दिवे लागायचे, गिटार ऐकू यायची, लूप मात्र शून्य. फोन केला तर म्हणाला, "ताई, अॅडॅप्टर चुकीचा असेल." ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला नवा अॅडॅप्टर घेतला. तेच. तिसऱ्या दिवशी त्याने माझा नंबर ब्लॉक केला. दुरुस्तीवाल्या काकांनी पेडल उघडून दाखवलं: बोर्डावर हिरवट गंज चढलेला, आत कधीतरी पाणी गेलेलं. आवाज नुसता आरपार जात होता, साठत नव्हता.

सॉफ्टवेअरचं तर याहून वाईट. "लाइफटाइम लायसन्स आहे," म्हणत त्याने माझ्या लॅपटॉपवर स्वतः टाकून दिलं आणि टाकताना अँटिव्हायरस बंद केला. नऊ दिवसांनी ते बंद पडलं. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं चोरीचं होतं. त्याच लॅपटॉपवर माझे बँकेचे व्यवहार चालतात. फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, विंडोज पुन्हा टाकलं, दोन रात्री झोप नव्हती. न्यूरल अॅम्प मॉडेलर नावाचं असंच अॅम्पचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेही अधिकृतपणे, हे मला नंतर कळलं.

पेडल बघायला गेलात तर लूप चालू असताना इंटरफेसमध्ये जाणारी केबल उपटा. लूप थांबलाच पाहिजे. पेडल साध्या अॅम्पला थेट जोडून, कॉम्प्युटर बंद ठेवून एकदा वाजवा. लायसन्स कंपनीच्या साइटवर आपल्या नावावर चढल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका. यूपीआयने पैसे दिले असतील तर संशय येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी अकरा दिवस घालवले, मग पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉटसकट अर्ज दिला.

काल तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा दिसली. फोटोही तोच, डाव्या कोपऱ्यात रंगाचा टवका उडालेलं पेडल. ते पेडल माझ्या कपाटात आहे.