मिल्पेची मॅनाकिन सहल: पक्ष्याला पूर्ण गुण, आयोजकांना निम्मे

इक्वेडोरमधील मिंदो गावातून मिल्पे अभयारण्यात नेणारी अर्ध्या दिवसाची पक्षिनिरीक्षण सहल आम्ही एकाच पक्ष्यासाठी निवडली होती. क्लब-विंग्ड मॅनाकिन हा चिमणीहून लहान, तांबूस अंगाचा आणि लाल टोपीचा पक्षी असून त्याचा नर मादीला रिझवण्यासाठी चक्क पंखांनी गातो. सुमारे ११०० मीटर उंचीवरील या दमट जंगलात नर आपापल्या ठरलेल्या फांद्यांवर बसतात आणि मादी येऊन त्यांच्यातून एकाची निवड करते. अशा जागेला पक्षिशास्त्रात ‘लेक’ म्हणतात. या शब्दाचा आपल्या लेकीशी काही संबंध नाही, पण डोळ्यांसमोर स्वयंवरच चाललेले असल्यामुळे मराठी कानांना तो मुळीच खटकत नाही.

सकाळी साडेसहाच्या सुमारास झाडीतून ‘टिक, टिक, टिंऽऽग’ असा, व्हायोलिनच्या एकाच तारेवरून गज फिरवावा तसा स्वर आला. नर पुढे झुकला, त्याचे पंख पाठीवर उभे राहिले आणि क्षणभर तिथे नुसते पांढुरके धूसर दिसले. वाटाड्याने खिशातून कंगवा काढून त्याच्या दात्यांवर नख फिरवले आणि पुढचे सगळे स्पष्टीकरण त्या आवाजावरच उभे केले. एका पिसाचे वाकडे टोक शेजारच्या पिसावरील सात कंगोऱ्यांवरून जाताना आणि परतताना घासते. पंख सेकंदाला सुमारे १०७ वेळा एकमेकांवर आपटतात, म्हणून स्वर साधारण १५०० हर्ट्झचा निघतो. किंबर्ली बोस्टविक आणि रिचर्ड प्रम यांनी हे २००५ मध्ये अतिवेगवान चित्रणाच्या आधारे मांडले. या स्वरापायी नराच्या पंखातील एक हाडही इतर पक्ष्यांसारखे पोकळ न राहता भरीव झाले आहे, हे ऐकून मी दुर्बीण खाली ठेवली.

तक्रार आहे ती आयोजकांबद्दल. जिथून फांदी नीट दिसते तिथे जेमतेम चौघे मावतात, आणि आम्ही नऊ जण होतो. त्यातच त्यांच्या मदतनिसाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा प्रयत्न दोनदा केला; समोर खरा पक्षी वाजत असताना हा उपद्व्याप कशासाठी, हे कळले नाही. नोंदणीपूर्वी गटात किती जण असतील ते लेखी विचारून घ्यावे, आणि कंगवेवाला वाटाड्याच मागावा.